उत्तर देणारा लेखक हवा

1927 साली मुंबईत दोन माणसांनी स्वतःच्या जिवावर दोन नियतकालिके काढली. 3 एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘बहिष्कृत भारत’ निघाले आणि जुलैत प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’. आंबेडकर तेव्हा परळला पोयबावडीच्या बीआयटी चाळीत राहत होते. कर्वे दोनच वर्षांपूर्वी गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजातून बाहेर पडले होते. एकाचे पाक्षिक, दुसऱ्याचे मासिक. विषय वेगळे, वाचक वेगळे. पण दोन्हीकडे बहुतेक मजकूर एकाच हाताने लिहिलेला असे. आंबेडकरांना तर अंकाचे चोवीस चोवीस रकाने एकट्याने भरावे लागत. त्यांनीच ते लिहून ठेवले आहे.

आज एकट्याने लिहिणाऱ्यांचा सुकाळ आहे. छापखान्याची उधारी नाही, कागदाचा भाव नाही, टपालाचा खर्च नाही. गिरगावातल्या चाळींवर, दादरच्या फुलबाजारावर, लालबागच्या गणपतीवर रोज कोणी ना कोणी लिहिते. त्यातले पुष्कळसे वाचायला गोड असते. तरीही वाचून झाल्यावर वाचकाच्या हाती काय लागले, असे विचारले तर उत्तर सापडत नाही. सामायिक गॅलरी, नळावरची भांडणे, गच्चीवरची कोजागिरी हे सगळे खरे आहे आणि पुन्हा पुन्हा लिहून झालेलेही आहे. त्याच चाळीतल्या भाडेकरूला आज विकासकाच्या करारनाम्यावर सही करायची असते. त्याच्या उपयोगाची चार वाक्ये मात्र त्या सगळ्या आठवणींत मिळत नाहीत. एकट्या माणसाचे लेखन वाचकाच्या कामी कधी येते, हे समजून घ्यायचे तर रघुनाथरावांच्या मासिकाकडे नीट पाहायला हवे.

रघुनाथराव हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव. जन्म 1882चा. विषय गणित, त्याच्याच शिक्षणासाठी ते पॅरिसला जाऊन आले होते. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र सुरू केले. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधले केंद्र त्याच वर्षीचे, यावरून काळाचा अंदाज यावा. 1923 मध्ये त्यांचे संततिनियमनावरचे पुस्तक आले. कॉलेजच्या चालकांना हे काम मान्य नव्हते. हे काम सोडा किंवा नोकरी सोडा, असा पेच पडला आणि 1925 मध्ये कर्व्यांनी नोकरी सोडली. दोन वर्षांनी मासिक सुरू झाले. संपादक, लेखक, प्रकाशक, व्यवस्थापक सगळे तेच. पत्नी मालतीबाई या ओढगस्तीच्या संसारात त्यांच्याबरोबर ठाम उभ्या राहिल्या. त्यांच्याशिवाय हे मासिक इतकी वर्षे टिकले नसते.

‘समाजस्वास्थ्य’चा जीव होता तो प्रश्नोत्तरांत. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारता येत नाहीत, डॉक्टरसमोरही जीभ रेटत नाही, असे प्रश्न वाचक पत्राने विचारत आणि कर्वे त्यांची छापील उत्तरे देत. हस्तमैथुनाने शरीर खंगते का? मुले पुढे ढकलायची तर कोणते साधन वापरावे? ते कितपत भरवशाचे? त्या काळी वर्तमानपत्रांत धातुपौष्टिक औषधांच्या जाहिराती असत आणि तरुणांच्या भीतीवर त्यांचा धंदा चाले. हस्तमैथुनाची भीती निराधार आहे, असे एका गणिताच्या प्राध्यापकाने साध्या मराठीत छापून सांगणे याचे मोल त्या तरुणांनाच कळले असेल.

त्या उत्तरांची घडण पाहण्यासारखी आहे. कर्वे प्रश्न टाळत नाहीत, विचारणाऱ्याला लाजवत नाहीत, उपदेशाचा डोस पाजत नाहीत. आधी उत्तर, मग कारण. शरीराच्या अवयवाला त्याच्या नावाने संबोधतात. आपल्याला पटलेले मत आणि विज्ञानाने सिद्ध झालेली गोष्ट यांत ते फरक करतात. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे विषयाची निवड बऱ्याच अंशी वाचक करतो. लेखकाला आज काय सुचले यापेक्षा गेल्या महिन्यात टपालाने काय आले, यावर अंक उभा राहतो. मत कर्व्यांना भरपूर होते. बुद्धिवाद, स्त्रीचे लैंगिक स्वातंत्र्य, धर्मातले पाखंड यांवर ते सडकून लिहीत. पण मतासाठी वर्गणी भरणारे थोडेच असतात. पोस्टातून अंक आला की आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यात असेल, या आशेने तो उघडणारा वाचक त्यांनी मिळवला.

किंमतही मोजावी लागली. 1931 मध्ये व्यभिचारावरच्या लेखासाठी खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. 1934चा खटला तर थेट वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच उभा राहिला. हस्तमैथुन आणि समलैंगिकता यांवरच्या त्या उत्तरांना सरकारने अश्लील ठरवले. कर्व्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. आंबेडकरांनी. परळचा संपादक मासिकवाल्या प्राध्यापकासाठी कोर्टात उभा राहिला. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते आपोआप अश्लील होत नाही आणि लोक प्रश्न विचारत असतील तर त्यांना ज्ञानाने उत्तर मिळाले पाहिजे, अशी बाजू त्यांनी मांडली. निकाल विरुद्ध गेला, दोनशे रुपये दंड झाला. मासिक मात्र थांबले नाही. 14 ऑक्टोबर 1953 रोजी कर्वे गेले आणि नोव्हेंबरच्या अंकाने ‘समाजस्वास्थ्य’ संपले. सव्वीस वर्षे. त्याच्या आदल्याच वर्षी, 1952 मध्ये, भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला होता.

‘बहिष्कृत भारत’चे आयुष्य तेवढे नव्हते, नोव्हेंबर 1929 मध्ये पैशाअभावी ते बंद पडले. पण त्याच्याही उपयोगाचे सूत्र तेच होते. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी मार्च 1927 मध्ये प्राशन झाले आणि पंधरवड्यात पाक्षिक निघाले. तळ्याचे पाणी पिण्यामागे कायद्याचा आधार होता. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने 1923 मध्ये मंजूर केला होता आणि महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून आपले तळे खुले केले होते. गावकुसाबाहेरच्या वाचकाला नुसता धीर पुरत नाही. आपला हक्क कोणत्या कागदावर लिहिलेला आहे, तो नाकारला तर कोण जबाबदार, हे कळावे लागते. त्याआधी, 1880च्या दशकात, नारायण मेघाजी लोखंड्यांनी ‘दीनबंधु’त गिरणी कामगारांची गाऱ्हाणी अशीच लावून धरली होती. 10 जून 1890 रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, त्यामागे सभा आणि सह्यांचे अर्ज होते तसे हे छापील पानही होते.

उपयोगी लेखन म्हणजे चळवळीचेच लेखन, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. 1863 साली गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. शाळेत शिकवणाऱ्या या गृहस्थाने शहराचे रस्ते, बाजार, जाती, देवळे, उत्सव, गिरण्या डोळसपणे नोंदवल्या. मुरली रंगनाथन यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला तो 2008 मध्ये, म्हणजे 145 वर्षांनी. इतक्या काळानंतर अभ्यासकाला त्या पुस्तकाची गरज लागते, कारण लेखकाने आपले भाबडे कौतुक आवरून जे दिसले ते नेमके लिहिले. 1910 साली लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ लिहिले आणि पाठारे प्रभूंच्या घरातला स्वयंपाक कागदावर आला. पाककृती लिहिणाऱ्याला एक गोष्ट टाळता येत नाही: वाचणारी बाई ते करून बघणार असते. प्रमाण चुकले तर पदार्थ बिघडतो आणि लेखिकेचा खोटेपणा त्याच दुपारी उघडा पडतो. अनुभव सांगणाऱ्या प्रत्येकाने हीच कसोटी लावून घ्यायला हवी. आपले वाचून कोणी तसेच करायला गेले, तर त्याचे काम होईल का?

आजच्या परळ-दादर-गिरगावात या कसोटीला उतरणारे लिहायला विषयांची वाण नाही. टाटा मेमोरियल रुग्णालय 1941पासून परळला उभे आहे. देशभरातून, महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसे तिथे येतात. जळगावहून किंवा गडचिरोलीहून पहिल्यांदा आलेल्या माणसाला केस पेपर, तपासण्या, पुढच्या तारखा आणि मुक्कामाची सोय हे सगळे एकाच आठवड्यात उमगून घ्यावे लागते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक महिनोन्महिने राहतात. यातून गेलेल्या, घरी परतलेल्या एखाद्या मुलाने किंवा सुनेने पहिल्या दिवसापासूनची हकीकत लिहिली, कोणती कागदपत्रे बरोबर हवीत, रेल्वेची सवलत कशी मिळते, खर्च कशाकशावर होतो, रुग्ण जेवत नसेल तेव्हा काय चालले, तर ती हकीकत मागून येणाऱ्या शेकडो घरांना आधार होईल. अशा लेखनाला शैलीची फिकीर करायची गरज नाही. उपचार कोणता घ्यावा हे मात्र त्यात लिहू नये. तो डॉक्टरचा प्रांत आहे आणि आपल्या माहितीची हद्द कुठे संपते हे सांगणे हाही प्रामाणिकपणाच.

घरांचेही तसेच. गिरगाव, परळ, लालबागच्या पागडीच्या आणि उपकरप्राप्त इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. विकास नियंत्रण नियमावलीच्या 33(7) या नियमाखाली भाडेकरूला किमान 300 चौरस फूट चटई क्षेत्र मिळाले पाहिजे, बीडीडी चाळींत तोच आकडा 500 आहे. हे आकडे पुष्कळांना ऐकून ठाऊक असतात. पण संक्रमण काळातले भाडे किती वर्षांचे आगाऊ मागावे, नळाच्या पाइपाला गंज लागलेल्या त्याच इमारतीत राहून कोर्टकज्जा लढलेल्या रहिवाशांना काय साधले, कॉर्पस म्हणून ठरलेली रक्कम हातात कधी पडली, हे ज्या चाळीतून एकदा गेले त्या चाळीबाहेर येत नाही. पुढची चाळ पुन्हा पहिल्यापासून शिकते. आपल्या इमारतीच्या तीन-चार वर्षांच्या लढ्याची तारीखवार नोंद ठेवणारा एक भाडेकरू त्या भागातल्या सगळ्या भाषणांहून अधिक कामाचा आहे.

गिरणी कामगारांच्या घरांची गोष्ट तर डोळ्यांसमोर आहे. 1 जानेवारी 1982 या दिवशी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेल्या कामगारालाच गिरणी कामगारांसाठीच्या घर योजनेत घर मागता येते. त्यासाठी गिरणीचा पास, हजेरीकार्ड, सेवेचा दाखला असे पुरावे लागतात. गिरण्यांच्या संपानंतर कोकणात परतलेल्या घरांत हे कागद पत्र्याच्या पेटीत राहिले किंवा वाळवीने खाल्ले. कामगारांच्या वारसांनी कोणता कागद चालला, कोणता नाकारला, नाकारल्यावर काय केले, हे गावातल्या इतर वारसांसाठी लिहिले पाहिजे होते. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून तिथला इतिहास लिहून घेतला, तो 2004 साली पुस्तकरूपाने आला आणि मराठीतही उतरला. ते मोलाचे काम झाले. पण वारसाहक्काच्या अर्जाची अशी हकीकत दुसरे कोणी येऊन लिहून घेईल, याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

एक आक्षेप नेहमी येतो. अशा लेखनात लेखक कुठे उरतो? माहितीपत्रक तर सरकारही काढते. कर्व्यांचे मासिक याला चोख उत्तर आहे. त्याच्या पानापानावर कर्वे दिसतात. हट्टी, तर्कशुद्ध, कुणाची भीड न ठेवणारे. वाचकाचा प्रश्न मनापासून घेतला की उत्तर देणाऱ्याचा स्वभाव त्यात आपोआप उमटतो. सरकारी पत्रकात नियम सापडतो. खिडकीवरच्या माणसाने तो नियम कसा लावला, दुपारच्या सुट्टीनंतर गेल्यास काम का होत नाही, हे अनुभवलेला माणूसच सांगू शकतो.

आणि जुन्या मासिकांना नसलेली एक सोय आजच्या लेखकाला आहे. छापलेला अंक बदलता येत नसे. आता नियम बदलला, फी वाढली, कार्यालय हलले की मजकूर त्याच जागी सुधारता येतो. तरी वर्षानुवर्षे जुनी, कालबाह्य माहिती तशीच पडून राहते आणि वाचक तिच्या भरवशावर परळपर्यंत फेरी मारतो. प्रत्येक लेखाच्या माथ्यावर शेवटची तपासणी कधी केली ती तारीख असावी, आणि चूक कळवणाऱ्या वाचकाचे पत्र त्याच पानावर असावे. कर्व्यांनी प्रश्नांना जागा दिली, तशी ही दुरुस्तीला द्यायची.

या कामाला मुंबईत घर मिळू शकते. दादरला 1898 साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, गिरगावात 1935पासूनचा मुंबई मराठी साहित्य संघ आहे. या संस्थांनी महिन्यातून एक संध्याकाळ आसपासच्या रहिवाशांसाठी राखून ठेवावी. टाटात उपचार घेऊन गेलेली कुटुंबे, पुनर्विकासातून गेलेल्या चाळींचे चिटणीस, घराचे अर्ज केलेले कामगारांचे वारस यांना बोलवावे. सोबत एखादा निवृत्त शिक्षक आणि एखादा वकील बसवावा, मजकूर नीट करून घ्यायला आणि कायद्याचे तपासायला. पहिली पुस्तिका धर्मशाळेत राहणाऱ्यांसाठी काढता येईल. ती सोळा पानांपेक्षा मोठी होण्याचे कारण नाही, आणि तिच्या प्रती धर्मशाळेच्या कचेरीत, परळ स्टेशनच्या पुलाजवळच्या वृत्तपत्र विक्रेत्याकडे आणि रुग्णालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवर फुकट ठेवाव्यात.