पोप, पाखंड आणि पदाची वैधता

पोपच श्रद्धेपासून ढळला तर तो पोप राहतो काय? हा वाद रोममधील पंडितांनी घालावा, इतरांनी त्याकडे काणाडोळा करावा, असे वरकरणी वाटते. परंतु पद रिते झाले हे ठरवायचे कोणी, हा त्याचा गाभा आहे आणि उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाजाला तो पेच अपरिचित नाही.

पोप कधीच चुकत नाही, हा कॅथलिक सिद्धांत नव्हे. १८७० च्या व्हॅटिकन परिषदेने त्याला प्रमादातीत ठरविले ते श्रद्धा व नीती यांविषयी त्याने सर्व ख्रिस्तसभेसाठी दिलेल्या अंतिम निर्णयापुरतेच. पोप होनोरिअसला तर मृत्यूनंतर चार दशकांनी कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने पाखंडी म्हणून धिक्कारले. तरीही पोपांच्या मालिकेतून त्याचे नाव गाळले गेले नाही. उघड पाखंडी माणूस ख्रिस्ती उरत नाही, मग तो प्रमुख कसला, असा कार्डिनल बेलार्मिन यांचा युक्तिवाद. पद आपोआप सुटते, असे ते म्हणत. ख्रिस्तसभेने तसे जाहीर करावे लागते, हे त्यांच्या आधीच्या कायेतान यांचे मत. बेलार्मिन यांचा तर्क अधिक धारदार खरा. पण ‘उघड’ कशाला म्हणायचे हे ज्याने त्याने ठरवू लागल्यास पोप उरेल, ख्रिस्तसभा उरणार नाही. १९८३ ची धर्मसंहिता तर पोपचा न्याय कोणीही करू शकत नाही, असे बजावते.

याचा सामान्य भाविकाला काय जाच होतो, हे एकोणिसाव्या शतकात दिसले. पोर्तुगीज राजाच्या ‘पाद्रोआदो’ हक्काने चालणारी गोव्याची सत्ता आणि रोमने थेट नेमलेले बिशप यांचा अंमल १७९४ पासून मुंबईत शेजारी शेजारी होता. १८३८ साली सोळाव्या ग्रेगरींनी भारतातील पाद्रोआदोचा अधिकार आखडला. राजाच्या संमतीविना काढलेले आज्ञापत्र गोव्याच्या पक्षाने मानले नाही. दुसऱ्या पक्षाने त्यांना फुटीर ठरविले. येथे पाखंड नव्हते, पण पेच तोच. बाप्तिस्मा कोणीही यथाविधी दिला तरी वैध. पापक्षमेसाठी मात्र धर्मगुरूपाशी अधिकार लागतो. तो खरा कोणाचा, हे शेतकऱ्याने वा कोळ्याने कसे ओळखावे? १८८६ च्या तडजोडीत वसई-साष्टीची चर्चे दमणच्या नव्या धर्मप्रांतात गेली, आणि १९२८ साली तोही मोडला.

अशा वेळी सर्वांनी समजुतीने मानलेला अधिकार ख्रिस्तसभा स्वतःच पुरविते, अशी धर्मसंहितेत तरतूद आहे. कचेरीतल्या माणसाला हे नवे वाटू नये. न्यायाधीशाची नेमणूक पुढे अवैध ठरली, तरी त्याने दिलेले निकाल टिकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली गोकराजू रंगराजू खटल्यात म्हटलेच आहे.

२०१९ मध्ये काही विद्वानांनी पोप फ्रान्सिस यांच्यावर पाखंडाचा आरोप करणारे पत्र बिशपांना धाडले. त्यावर बिशपवर्गाने कोणतीही घोषणा केली नाही. मे २०२५ मध्ये चौदाव्या लिओंना निवडणाऱ्या १३३ कार्डिनलांपैकी १०८ फ्रान्सिस यांनीच नेमलेले होते. पालघर आणि बोईसर-तारापूरचा पट्टा ज्या वसई धर्मप्रांतात मोडतो, त्याचे बिशप थॉमस डिसोजा हेही त्यांचीच निवड. आरोपकर्त्यांचा तर्क मानला, तर ही सारी साखळीच तुटते. आणि ती पुन्हा जोडायची कोणी, याचे उत्तर त्यांच्या पत्रात सापडत नाही.