फॉरमॅट मारण्याआधी

कॉम्प्युटर मध्येच बंद पडू लागला की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो, "फॉरमॅट मार." दुकानदार तेच सांगतो, शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा तेच सांगतो, आणि गावाकडून फोन आला की पुण्या-बंगळूरला बसलेले तुम्ही-आम्हीही तेच सांगून मोकळे होतो. नव्याने विंडोज टाकलं की मशीन चार दिवस बरं चालतं, म्हणून या सल्ल्याची पत अजून टिकून आहे. पण दोष रॅमचा असेल तर फॉरमॅटने काहीच सुधारत नाही, उलट घरच्या फायली खराब होण्याची भीती वाढते. या जुलैमध्ये कणकुंबीला आत्याकडे हेच प्रकरण हाती आलं.

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे, म्हणजे गोव्याला जाताना लागतं ते मलप्रभेच्या उगमाचं कणकुंबी. पावसाळ्यात तिथे भिंतीला हात लावला तरी ओल लागते आणि वीज दिवसातून किती वेळा जाते-येते ते मोजायचं नसतं. आत्याचा डेस्कटॉप सहा-सात वर्षांचा, बेळगावात पार्ट जुळवून घेतलेला. रॅमच्या 4 जीबीच्या दोन पट्ट्या, एकूण 8 जीबी. त्यात घरातले जुने फोटो स्कॅन करून ठेवलेले, आजोबांच्या नावचे मोडी कागद, जमिनीचे उतारे, आणि आत्याच्या सासूबाईंच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या. सासूबाई आता नाहीत. ज्या फोनवर त्या ओव्या टिपल्या तो फोनही केव्हाच मोडीत गेला.

मे महिन्यात मशीन निळी स्क्रीन दाखवून रीस्टार्ट व्हायला लागलं. दुकानात नेलं, फॉरमॅट मारून आणलं. आठ दिवसांनी पुन्हा तेच. "कालपर्यंत बरा होता की रे," आत्या फोनवर म्हणाली. दुसऱ्यांदा दुकानात न्यायच्या आधी, सगळं जाईल या भीतीने आतेभावाने नवी एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणली आणि रोज संध्याकाळी बसून थोडं थोडं कॉपी करायला घेतलं. मी पोचलो तेव्हाही कॉपी चालूच होती. ती आधी थांबवायला लावली.

का, ते सांगतो. फाईल एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर जाते ती रॅममधूनच. रॅमची पट्टी म्हणजे अतिसूक्ष्म खणांची रांग. प्रत्येक खणात थोडासा विद्युतभार, तो असला तर 1, नसला तर 0. हा भार सतत गळत असतो, म्हणून साधारणपणे दर 64 मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक खण वाचून पुन्हा भरावा लागतो. 8 जीबीत असे सुमारे 6,870 कोटी खण. त्यांतले चार खण भार धरेनासे झाले तरी पुरे.

आपल्या कौलारू घरात एकच कौल फुटलेलं असलं तर काय होतं? त्याखाली आज भाताचं पोतं असतं, उद्या अंथरूण, परवा पोराचं दप्तर. तक्रार रोज वेगळी, कौल तेच. विंडोज त्या खराब खणांत आज स्वतःचा भाग ठेवतं, उद्या ब्राउझर, परवा कॉपी होणारा फोटो. विंडोजचा भाग तिथे आला तर निळी स्क्रीन येते. फोटो आला तर काहीच कळत नाही. कॉपी पूर्ण झाल्याचा संदेश येतो आणि फोटो अर्धा करडा होऊन बसतो. मला निळ्या स्क्रीनपेक्षा या गुपचूप बिघाडाची जास्त धास्ती वाटते. फॉरमॅटच्या वेळी लोक त्याच मशीनवर डेटा बाहेर काढतात आणि मग परत आत आणतात. म्हणजे त्या फुटक्या कौलाखालून दोन फेऱ्या. आत्याच्या दुकानदाराने फक्त सी ड्राईव्ह फॉरमॅट केला होता, डी ड्राईव्हला हात लावला नव्हता. ओव्या डी ड्राईव्हवर होत्या.

रॅमचा संशय कधी घ्यायचा? निळ्या स्क्रीनवरचा मजकूर दर वेळी टिपून ठेवा, मोबाईलने फोटो काढला तरी चालेल. दर वेळी एकच ओळ आणि एकाच प्रोग्रामच्या वेळी, तर ड्रायव्हर किंवा सॉफ्टवेअर बघा. आज "मेमरी मॅनेजमेंट", उद्या "पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया", परवा नुसताच ब्राउझर कोसळला, झिप फाईल उघडताना ती खराब असल्याचा निरोप आला, असं असेल तर रॅम. निळी स्क्रीन न येता मशीन खटकन बंद होत असेल तर आधी एसएमपीएस आणि प्रोसेसरच्या पंख्यावरची धूळ बघावी. हे नियम पक्के नाहीत, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं.

जाणकारही इथे चकतात. लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांच्या स्वतःच्या मशीनवर ऑक्टोबर 2022 मध्ये प्रोग्राम असेच कुठेही कोसळू लागले. त्यांनाही आधी नव्या कर्नेलमध्येच काही चूक असेल असं वाटलं. जुनं कर्नेल चालवून पाहिलं, मग रात्रभर मेमटेस्ट लावला, तेव्हा कळलं की अडीच वर्षं नीट चाललेली रॅमची एक पट्टी गेली आहे. गूगलच्या सर्व्हरांवरचा 2009 चा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात वर्षभरात 8 टक्क्यांहून जास्त पट्ट्यांत निदान एकदा तरी चूक सापडली होती. तिथे चूक दुरुस्त करणारी ईसीसी रॅम असते. आपल्या घरच्या डेस्कटॉपमध्ये सहसा ती नसते.

विंडोजमध्ये स्वतःची तपासणी आहे. स्टार्टमध्ये "विंडोज मेमरी डायग्नोस्टिक" शोधा, रीस्टार्ट करा. आत्याच्या मशीनवर तिने सगळं ठीक दाखवलं. इथेच बरेच जण थांबतात, आणि थांबू नये. दुसऱ्या, चांगल्या कॉम्प्युटरवर पेनड्राईव्हमध्ये मेमटेस्ट86+ तयार करून घ्यावं. ते फुकट आहे आणि विंडोज सुरू न करताच चालतं. काही मशीनवर त्यासाठी बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करावं लागतं. रॅम एक्सएमपीवर, म्हणजे वाढीव वेगावर चालवत असाल तर तेही आधी बंद करा. मग रात्री लावून झोपा. ते प्रत्येक खणात ठरावीक नमुने लिहितं, वाचतं, उलटे करून पुन्हा लिहितं. निकाल वाचायला सोपा: लाल ओळ एक आली तरी रॅममध्ये दोष. एक फेरी निर्दोष गेली म्हणून मात्र निश्चिंत होऊ नये. आमच्याकडे पहिली फेरी स्वच्छ गेली. तिसऱ्या फेरीत, पहाटे, लाल ओळी आल्या.

आता पट्टी खराब की मदरबोर्डवरची खाच? आतेभावाचा अकरावीतला मुलगा टॉर्च धरून उभा. प्लग काढला, पॉवरचं बटण दाबून उरलीसुरली वीज घालवली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला. "काका, खोडरबर आणू?" त्याने विचारलं. खोडरबरने रॅम घासायची पद्धत सगळीकडे आहे आणि कधी कधी तेवढ्याने मशीन सुरूही होतं. पण त्या पितळी दिसणाऱ्या टोकांवर सोन्याचा अगदी पातळ थर असतो, घासून तो जातो आणि खालचा धातू अशा दमट हवेत लवकर गंजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड बरं. पुसून, वाळवून दोन्ही पट्ट्या परत बसवल्या. लाल ओळी आल्याच. मग एकेक पट्टी एकटी लावली. पहिली दोन्ही खाचांत निर्दोष. दुसरी दोन्ही खाचांत नापास. चूक पट्टीबरोबर फिरली, म्हणजे खाच ठीक. या अदलाबदलीत दीड दिवस गेला, पण ती टाळून नवी रॅम आणली आणि खाच खराब निघाली तर पैसे वाया जातात. विकत घेताना डीडीआर3 की डीडीआर4 ते बघून घ्या, एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. जुनी पट्टी फेकण्याआधी तिची वॉरंटीही बघा, काही कंपन्या रॅमवर आजीवन देतात.

एका पट्टीवर, 4 जीबीवर, विंडोज पुन्हा टाकलं. जुनं खराब रॅममधून उतरलेलं होतं, त्यावर भरवसा नव्हता. मग डी ड्राईव्हवरून सगळं नव्याने कॉपी केलं आणि पॉवरशेलमध्ये मूळ व प्रत दोन्हींचे हॅश काढून जुळवले. आतेभावाची आधीची प्रत याच पद्धतीने तपासली तेव्हा तिच्यात सदतीस फायली बिघडलेल्या निघाल्या, दोन ओव्यांसकट. डी ड्राईव्हवर नुसत्या पडून असलेल्या मूळ ओव्या शाबूत होत्या, कारण खराब रॅममधून जाऊन त्या पुन्हा लिहिल्या गेल्या नव्हत्या. जे सहा फोटो आतेभावाने उन्हाळ्यात सरळ फिरवून सेव्ह केले होते, त्यांतले दोन मात्र मूळ जागीच गेले. त्यांचे कागदी फोटो आत्याच्या ट्रंकेत आहेत, गणपतीत पुन्हा स्कॅन करू.

ओव्यांची एक प्रत माझ्याकडे बेळगावात, एक आतेबहिणीकडे कोल्हापुरात. आत्याने रात्री त्यातली एक लावली आणि आवाज वाढवायला सांगितला, बाहेर पाऊस होता.

पुढच्या महिन्यात यूपीएसच्या बॅटरीबद्दल. आत्याकडचा यूपीएस वीज गेल्यावर किती वेळ टिकतो ते मोजून आलो आहे: अकरा सेकंद.