फावल्या वेळी : फोमचा नाकतोडा

बांधावरचा नाकतोडा ओढ्यात पडला, की पाय झाडतो न झाडतो तोच मासा त्याला गट्ट करतो, हे तुम्ही पाहिले असेलच. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील लेटॉर्ट ओढ्यावरच्या गळकऱ्यांनी हेच हेरून ट्राउट माशासाठी खोटा नाकतोडा बांधला. अंग पिवळे, वर टर्कीच्या पिसाचा पंख, पुढे हरणाचे केस. तोच ‘लेटॉर्ट हॉपर’.

आपण मात्र हरणाच्या केसांच्या नादी लागू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणांना संरक्षण आहे. हस्तकलेचा पिवळा फोम घ्या. तोही छान तरंगतो.

गळ छोट्या शेगड्यात धरा. दांडीवर शिवणाचा दोरा गुंडाळा. गळापेक्षा थोडी लांब फोमची पट्टी वर ठेवून मागे व पुढे बांधा. पुढच्या बांधणीतच कोंबडीच्या पिसाची पट्टी पाठीवर आणि रबरबँडचे पाय दोन्ही अंगांना अडकवा. गाठीवर नेलपॉलिशचा थेंब सोडा.

नवशिका दोन ठिकाणी चुकतो. दोरा फार आवळला तर फोम कापला जातो. नेढ्यापर्यंत दोरा भरला तर तंगूस ओवता येत नाही. म्हणून तिथे दोन मिलिमीटर जागा मोकळी सोडा. डोळे रंगवत बसू नका. मासा खालून पाहतो, त्याला पोट आणि पायच दिसतात.

शेवटी गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. लहान मासा सुखरूप सोडता येईल आणि तुमचे बोटही वाचेल.