नरबळी लागू पडतो का?

आमच्या गटात दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी हा प्रस्ताव आणतं : "अरे, मानवत कर ना! रेडीमेड केस आहे." २०२४मध्ये सोनी लिव्हवर त्यावरची मालिका आल्यापासून तर जास्तच. मी नाही म्हणतो. आजवर थोडक्यात नाही म्हणत आलो, आता एकदा सविस्तर म्हणतो.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी : रोलप्लेइंग गेम म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत, तोंडी रचलेली गोष्ट. बाकीचे एकेक पात्र होतात, आणि उरलेलं सगळं जग एकाच्या वाट्याला येतं. आमच्यात तो मी. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधायचे आणि शनिवारी रात्री पुण्यातल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये पाच जणांना खुनाचा तपास करायला लावायचा, असं तीन वर्षं चाललंय. खेळ मुख्यतः 'कॉल ऑफ क्थुल्हू'. सँडी पीटरसनने तो १९८१ साली लवक्राफ्टच्या कथांवरून केला. यात पात्रं राक्षस मारून श्रीमंत होत नाहीत. ती कागद वाचतात, साक्षीदारांना भेटतात, आणि हळूहळू वेडी होतात. वेड मोजायला 'सॅनिटी' नावाचा आकडा असतो.

माझं भांडण या आकड्यापासूनच सुरू होतं. खुद्द क्थुल्हूचं दर्शन झालं तर फासा तुमच्या बाजूने पडला तरी एक ते दहा सॅनिटी जाते. विरुद्ध पडला तर एक ते शंभर. माणसाचं प्रेत अवचित समोर आलं तर जेमतेम दोन-तीन. म्हणजे मारलेलं माणूस ही चिल्लर. ते फक्त मोठ्या गोष्टीकडे बोट दाखवायला तिथे पडलेलं असतं. पहिल्या सत्रात प्रेत, दुसऱ्यात विचित्र चिन्ह, तिसऱ्यात पंथ, आणि चौथ्या सत्रापर्यंत त्या प्रेताचं नाव काय होतं हे टेबलावर एकालाही आठवत नाही. खुशाल कुठल्याही गटाला विचारून पाहा.

पण याहून गंभीर बाब पुढे आहे. कादंबरीकाराला संदिग्ध राहता येतं. गुप्तधन निघालं की नाही, अंगात खरंच आलं की ढोंग होतं, हे तो वाचकावर सोडू शकतो. गेम चालवणाऱ्याला ही चैन नाही, कारण खेळाडू उद्या तोच मंत्र स्वतः म्हणून बघणार. मग मला माझ्या वहीत लिहून ठेवावं लागतं : विधी केला तर काय होतं. नियमपुस्तकातल्या अनेक मंत्रांना किंमत आहे, आणि ती बळी देऊन चुकवता येते. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ते एक फंक्शन आहे. माणूस आत घाला, शक्ती बाहेर येते. चालतं ते.

आता हे मानवतला लावून बघा. परभणी जिल्ह्यातलं गाव, १९७२ ते १९७४, मराठवाड्यात दुष्काळ. एकामागून एक बायका आणि लहान मुली मारल्या गेल्या. गुप्तधनासाठी, अपत्यप्राप्तीसाठी बळी दिले, असा आरोप होता. तपास रमाकांत कुलकर्णींनी केला. माझ्या मित्रांना ही केस 'रेडीमेड' वाटते, कारण पिंपळ, मुंजा, रक्त सगळं आयतं आहे. फक्त माझ्या खेळात मुंजा खरा असणार. म्हणजे बळी घेणाऱ्यांचा हिशेब बरोबर होता, असं मी वहीत लिहिणार. त्या मुली कामी आल्या, असं लिहिणार. मला हे लिहायचं नाही. मारणाऱ्यांचं म्हणणं शब्दशः खरं ठरवणारी कथा भयकथा राहत नाही, ती त्यांच्या बचावाच्या वकिलाचं भाषण होते.

हा दोष खेळाच्या मुळातच आहे. लवक्राफ्टची मूळ कथा १९२८ची. तीत इन्स्पेक्टर लग्रास न्यू ऑर्लिन्सजवळच्या दलदलीत छापा घालतो आणि सत्तेचाळीस जणांना पकडून आणतो. ते कोण? मिश्रवंशीय, खलाशी, बाहेरून आलेले. त्यांच्याबद्दल गोऱ्या पोलिसाला जे वाटत असतं ते सगळं कथेत खरं निघतं. पूर्वग्रह हाच पुरावा! अमेरिकेतल्या गेम लिहिणाऱ्यांनी यावर बराच काथ्याकूट केलाय, तो त्यांचा प्रश्न. पण तोच सांगाडा उचलून महाराष्ट्रात आणला की 'पंथा'च्या जागेवर कोण येऊन बसतं? मी पाहिलेल्या देशी कथानकांत तिसऱ्या सत्राला हमखास एखादा पाडा लागतो, ढोल वाजतात, एक म्हातारी डोळे फिरवते. सातपुड्यात बाईला डाकीण ठरवून मारणं ही लोककथा नाही, तो गुन्हा आहे. आणि १८७१च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, त्यांना त्यातून सुटायला १९५२ उजाडलं. सुटल्यानंतरही चोरी झाली की पोलीस आधी कुठल्या वस्तीवर जातात, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. लग्रास आपल्याकडे भरपूर आहेत, त्यांना आणखी खरं ठरवायची गरज नाही.

दुसऱ्या बाजूने एक विवेकवादी मित्र म्हणतो, "मग खेळूच नकोस. ज्या शहरात २० ऑगस्ट २०१३ला दाभोलकरांना गोळ्या घातल्या, तिथे तू भुताखेतांचे खेळ मांडतोस?" हेही मला पटत नाही. घाबरणं आणि मानणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजीच्या तोंडून गिऱ्हा आणि हडळ ऐकून वाढलेली, पोटभर घाबरलेली मुलं पुढे चांगली नास्तिक होतात, मी आहे. शिवाय ही भीती कशी रचली जाते ते टेबलावर उघड दिसतं. फासे सगळ्यांसमोर पडतात, नियम छापलेले असतात, आणि बाबाची भूमिका करणारा माणूस मध्येच उठून पिझ्झा घ्यायला दारात जातो. दाभोलकरांच्या खुनानंतर आधी अध्यादेश आणि त्याच डिसेंबरात कायदा झाला, तो नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्ध आहे. गोष्टींविरुद्ध नाही.

म्हणून माझ्या टेबलावर एकच नियम आहे : अमानवी असेल, पण खुनातून त्याला काहीही मिळत नाही. मारणाऱ्यालाही नाही. सध्याच्या कॅम्पेनमध्ये एका बारवेत काहीतरी आहे. काय ते मी इथे सांगणार नाही, खेळाडू हे वाचतात. गावातल्या एकाने त्याच्यासाठी पुतणीला मारलं. पोरांनी दोन सत्रं विधी शोधण्यात घालवली. पोथी शोधली, तिथी तपासली, मारणाऱ्याची चौकशी केली. बारवेतल्या गोष्टीने काही मागितलंच नव्हतं. तिला तर मुलगी मेल्याचं कळलंही नव्हतं. शेवटी एक जण चिडून म्हणाला, "अरे, मग मेली कशाला ती?" त्यानंतर हॉलमध्ये पाचेक मिनिटं कुणी फासा उचलला नाही. तीन वर्षांत एवढी भीती मला कुठल्याही शुंडाधारी देवाकडून काढता आलेली नाही.

यासाठी मी इकडून तिकडून उसनवारी करतो. 'ट्रेल ऑफ क्थुल्हू'मधून (२००८, केनेथ हाइट; मूळ यंत्रणा रॉबिन लॉजची) एक गोष्ट घेतली : महत्त्वाचा धागा फाशावर अडवायचा नाही, शोधला की तो मिळतोच. त्यामुळे खेळ 'सापडेल का'वरून 'सापडलं त्याचं काय करायचं' याकडे वळतो. 'डेल्टा ग्रीन'मधून नाती घेतली. तिथे तपासी पात्राला आपली सॅनिटी वाचवता येते, पण तो भार बायकोवर, मुलावर, मित्रावर पडतो आणि ते नातं आकड्याने घटतं. कुठल्याही पोलीस लाइनीत वाढलेल्या माणसाला हा नियम समजवावा लागत नाही. आणि सॅनिटीचे दर मी बदललेत. मेलेल्या माणसाची खोली बघायला, त्याच्या आईशी बोलायला माझ्याकडे प्रेत बघण्यापेक्षा जास्त किंमत पडते. यावर एका खेळाडूने "बॅलन्स बिघडला" अशी तक्रार केली. बिघडलाच आहे, मुद्दाम बिघडवलाय.

मानवत करायचीच असेल तर एक रस्ता आहे. मुंजा काढून टाका, मंत्र काढून टाका, सॅनिटीचा तक्ता फाडा. दुष्काळ ठेवा, पिंपळ ठेवा, आणि एक पोलीस अधिकारी ठेवा, ज्याला गाव खरं सांगत नाही. पण ते करायला अजून कुणी तयार नाही, "मग त्यात हॉरर काय?" असं विचारतात. या शनिवारी बारवेच्या केसमध्ये त्यांना शवविच्छेदनाचा अहवाल मिळणार आहे. दीड पानाचा आहे. मुलीचं वय, उंची, अंगावरचा फ्रॉक, मुठीत सापडलेली बटणं. मी तो मोठ्याने वाचणार नाही, कागद टेबलावर फिरवणार आहे, म्हणजे तो प्रत्येकाला स्वतः वाचावा लागेल.