वायर आमची, हुकूम त्यांचा

आज जरा रागातच लिहायला बसलो आहे. रागाचे कारण एक वायर.

पुतण्याच्या कांदाचाळीत आम्ही दोघांनी मिळून एक छोटेसे यंत्र बसवले आहे. सेन्सर चाळीतले तापमान आणि दमटपणा मोजतो आणि आर्डुइनोचा बोर्ड दर पाच मिनिटांनी ते आकडे एचसी-१२ रेडिओवरून घराकडे पाठवतो. घरात तसाच दुसरा रेडिओ यूएसबी-सिरियल वायरीने कॉम्प्युटरला जोडला आहे. आकडे बघून चाळीच्या बाजूची ताडपत्री वर करायची की खाली सोडायची ते ठरते. पावसाळ्यात कोंडलेली हवा वेळीच कळली नाही तर कांदा सडतो, आणि एक सडका शेजारच्या चारांना घेऊन जातो.

गेल्या श्रावणात ऐन झडीत आकडे बंद पडले. पुतण्या म्हणाला, "अप्पा, रेडिओ गेला." तालुक्याच्या दुकानदाराने तर यंत्र न बघताच निकाल दिला. "सर, सेन्सर जळाला असणार. नवीन सेट घेऊन टाका." पस्तीस वर्षे शिकवले, पण पेपर न उघडता कुणाला नापास केल्याचे मला आठवत नाही!

मी आपला क्रमाने गेलो. चाळीतल्या बोर्डावरचा दिवा दर पाच मिनिटांनी लुकलुकत होता, म्हणजे तिकडचे काम चालू होते. बॉड रेट दोन्हीकडे ९६००. हा वेग जुळला नाही तर पडद्यावर आकड्यांऐवजी चित्रविचित्र चिन्हे येतात. आमच्याकडे तीही नव्हती, पोर्टच उघडत नव्हता. मग रेडिओला दोष कसा द्यायचा? त्याच्यापर्यंत आपण पोचलोच कुठे? डिव्हाइस मॅनेजर उघडला. तिथे पिवळे चिन्ह, आणि वायरीच्या नावाच्या जागी चक्क सूचना: या चिपचे उत्पादन बंद झाले आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा. अपडेटमध्ये वायरीचा ड्रायव्हर बदलला होता, आम्हाला न विचारता. तीच वायर नातवाच्या उबंटूवाल्या लॅपटॉपला लावली. थोड्या वेळात आकडा हजर, दमटपणा ८९! रेडिओ ठणठणीत, सेन्सर ठणठणीत, आणि वायरसुद्धा.

चिप बनवणाऱ्या कंपन्या म्हणतात, बाजारात नकली चिपांचा सुळसुळाट आहे. खरे आहे. पण गुन्हा कुणाचा आणि शिक्षा कुणाला? २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये स्कॉटलंडच्या एफटीडीआय कंपनीचा ड्रायव्हर विंडोजच्या अपडेटमधून घरोघर पोचला. त्याने नकली चिपांचा ओळख-क्रमांकच शून्य करून टाकला. मग कॉम्प्युटर ती वायर ओळखेनाच. फार ओरड झाली तेव्हा कंपनीने तो ड्रायव्हर मागे घेतला. एवढ्यावर थांबले नाहीत. नंतरचा एक ड्रायव्हर नकली चिप दिसली की आकड्यांच्या जागी 'हे उपकरण अस्सल नाही' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य पाठवू लागला. कल्पना करा, तापमान विचारावे आणि उत्तरात फटकार यावी!

गवळ्याने दुधात पाणी घातले, म्हणून पिणाऱ्या पोराच्या हातातला पेला फोडायचा? आमच्या वायरीतली चिप दुसऱ्या कंपनीची. ती नकली आहे की नुसतीच जुनी, हे मला आजही सांगता येणार नाही. पाकिटावर चिपचे नाव कोण छापतो? काल चालणारी वस्तू आज चालू द्यायची नसेल तर आधी विचारा, निदान जुना ड्रायव्हर ठेवायचा का एवढे तरी विचारा.

पुण्याची मंडळी फोनवर म्हणालीच, "अहो, दोनशे रुपयांची वायर, नवीन घ्या की." घेतली असती. पण त्या पाकिटावरही चिपचे नाव नसणार. आणि दुकानदाराचे ऐकून नवा सेट आणला असता, तर जुन्याच वायरीला लावून पुन्हा कोरा पडदा बघत बसलो असतो.

शेवटी जुना ड्रायव्हर परत बसवला आणि विंडोजला ड्रायव्हर बदलायची मनाई केली. या सगळ्यात दोन दिवस गेले. ओल्या बाजूचा कांदा निवडावा लागला, चार गोण्या उकिरड्यावर गेल्या. पुतण्या काही बोलला नाही. आता नातवाच्या जुन्या लॅपटॉपवर नजर आहे, बघू देतो का ते.