मचाण कुठे बांधायचं?

'आजोबांना दे ना जरा फोन. शिकारीला जायचंय आणि जागाच फायनल होत नाहीये!'

रविवारची सकाळ. मी गावी, हमरापूरला. हातात चहाचा कप, शेजारच्या कारखान्यात रंगाची वाट बघत बसलेल्या गणपतींच्या रांगा आणि मोबाइलच्या स्क्रीनवर थेट अलास्कातून माझा आतेभाऊ. इंजिनीअर म्हणून गेला, तिकडचाच नागरिक झाला आणि आता साहेबाला कॅरिबूची शिकार करायचीय. कॅरिबू म्हणजे तिकडचं रानटी रेनडिअर. कळपाने शेकडो किलोमीटर फिरणारं. तिकडे त्याची शिकार रीतसर परवान्यावर चालते, आणि मारलेल्याचं मटण वर्षभर फ्रीजरमध्ये पुरवून खातात.

आता तुम्ही म्हणाल, यात आमच्या आजोबांचा काय संबंध? तर बॉस, आजोबा तरुणपणी शिकाऱ्यांबरोबर हाकारे घालायला जायचे. पेणच्या पूर्वेकडच्या डोंगरात डुक्कर कुठून निघेल, भेकर कुठे पाण्यावर येईल, हे त्यांना पाठ. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची उरलीसुरली वाटही बंद केली आणि आजोबांचं ज्ञान एकदम आउट ऑफ डेट झालं. निदान मला तरी तसं वाटत होतं.

आतेभावापुढे दोन ऑप्शन्स होते. एक, डाल्टन हायवेने उत्तरेला गाडी काढायची. सोपं वाटतं ना? पण त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मैल, म्हणजे आठ-आठ किलोमीटर, बंदूक चालवायला बंदी. फक्त धनुष्यबाण! बंदूकच हवी असेल तर तेवढं चालत आत जायचं. दुसरा ऑप्शन, पश्चिमेकडे छोट्या विमानाने टुंड्रात उतरायचं आणि कळपाची वाट बघायची.

आजोबांनी सगळं ऐकलं आणि तीन प्रश्न विचारले.

'वारा कुठला? आपला वास जनावराला गेला, का संपला खेल.'

'त्याची वाट कुठली? वाटेवर बसू नको. वाट दिसंल तिथं बस.'

'आनि मारलास, तर आनशील कसा?'

तिसऱ्या प्रश्नावर आमचे साहेब गप्प. मोठा नर दीडशे-पावणेदोनशे किलोचा. मटण पाठीवर लादून आठ किलोमीटर दलदलीतून यायचं, म्हणजे एका खेपेत होणारच नाही. 'जिथून आनता येत नाय, तिथं मारायचा नाय,' आजोबांचा फंडा क्लिअर होता.

'मग विमानानेच जातो,' आतेभाऊ म्हणाला. पण पुढे प्रामाणिकपणे हेही सांगून टाकलं, की पश्चिमेकडचा तो कळप २००३ मध्ये ४ लाख ९० हजारांचा होता आणि २०२३ च्या मोजणीत दीड लाखाच्या आसपास भरला.

आजोबा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, 'जिथं कमी झालेत, तिथं नको जाऊ रे.'

फोन ठेवल्यावर मी माझं घोडं पुढे दामटलं. 'आजोबा, तुमची बेस्ट जागा कुठली होती? मला दाखवा ना. मस्त कॉलम होईल!'

त्यांनी जागेचं वर्णन केलं. उन्हाळ्यातही न आटणारा झरा, वर कातळ, समोरून उतरणारी वाट. वारा नेहमी सोयीचा. 'ती जागा मीच साहेबलोकांना दाखवली. एकाने दुसऱ्याला सांगितली. तीन उन्हाळ्यांत पानी होतं, जनावर नव्हतं.'

आणि आता? आता म्हणे, गेली दोन-तीन वर्षं संध्याकाळी तिकडून भेकराचं भुंकणं परत ऐकू येतं.

'मग कुठे आहे ती जागा?'

'नाय सांगायची.'

खरं सांगते, मला राग आला. दर आठवड्याला तुम्हाला 'कुठे जाल, कसे जाल, काय खाल' सांगणं हेच तर माझं काम! मग आठवलं, दोन वर्षांपूर्वी याच पानावर मी एका छोट्याशा धबधब्याचा पत्ता छापला होता. पुढच्या पावसाळ्यात गेले, तर तिथे गाड्यांची रांग, डीजे आणि बाटल्यांचा खच. मचाण मीच बांधून दिलं होतं की!

म्हणून या वेळी त्या झऱ्याचा पत्ता नाही. हवं तर फणसाडला जा. मुरुड, रोहा आणि अलिबाग तालुक्यांत पसरलेलं हे जंगल एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान होतं. १९८६ मध्ये अभयारण्य झालं. तिथल्या पाणवठ्यांना 'गाण' म्हणतात. बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात वनखातं पाणवठ्यांवर मचाणं बांधून प्राण्यांची मोजणी करतं आणि नावनोंदणी करून आपल्यासारख्यांनाही कधी कधी बसता येतं. शेकरू, सांबर, भेकर, नशीब जोरावर असेल तर बिबट्यासुद्धा. मचाण कुठलं, ते खातं ठरवतं. पण पाणी, वाट आणि वारा हेच हिशेब तिथेही. परफ्यूम नको, भडक कपडे नकोत, मोबाइल सायलेंट. आणि आजोबांचा तिसरा प्रश्न? तिथे त्याचं उत्तर सोपं आहे. काही आणायचंच नाही.

परवा आतेभावाचा मेसेज आला. विमान कॅन्सल. डाल्टन हायवेने जाणार, आणि त्याआधी धनुष्यबाणाचा क्लास लावलाय.

आजोबांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, 'वारा बगायला सांग त्याला.'