दुरुस्ती कशाची, तेही सांगा

व्हिडिओ-संवादाच्या ब्राउझर-प्लगइनची, म्हणजे ब्राउझरला जोडून त्याच्याकडून एखादे जादा काम करून घेणाऱ्या लहानशा प्रोग्रॅमची, नवी आवृत्ती आली की तिच्यासोबत बहुधा एका ओळीची टीप येते, आणि काही दोष दूर केले व कामगिरी सुधारली, एवढेच त्या ओळीत लिहिलेले असते. या आठवड्यातही ती अनेकांच्या पडद्यावर झळकली. दोष कोणता होता, तो केव्हापासून होता, त्याचा फटका कोणाला बसला असेल, यांपैकी कशाचाही उल्लेख तिच्यात नव्हता. पासबुकातील अगम्य नोंदी आणि वीजबिलाच्या पाठीवरची बारीक अक्षरे यांवर या सदराने ज्या कारणासाठी वेळोवेळी टीका केली, त्याच कारणासाठी ही ओळही आक्षेपार्ह आहे: ज्याच्या यंत्रात दुरुस्ती झाली, त्याला ती कशाची झाली हे कळलेच पाहिजे.

अशा दोषाचे गांभीर्य केवढे असू शकते, हे २०१७ च्या जानेवारीत सिस्को कंपनीच्या वेबेक्स या व्हिडिओ-बैठकीच्या एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे नव्या पद्धतीच्या प्लगइनमध्ये, दिसून आले. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-संशोधन गटातील टॅव्हिस ऑरमंडी यांच्या लक्षात आले की, पत्त्यात एक ठरावीक लांबलचक अक्षरमाला असली की हे एक्स्टेन्शन कोणत्याही संकेतस्थळाचा हुकूम मानते आणि तो संगणकातील प्रोग्रॅमपर्यंत पोहोचवते; म्हणजेच एखादे दुष्ट पान नुसते उघडले, तरी परक्या माणसाला त्या संगणकावर हवा तो प्रोग्रॅम चालवता आला असता. एकट्या क्रोम ब्राउझरवर या एक्स्टेन्शनचे सुमारे दोन कोटी वापरकर्ते होते. १.०.३ या आवृत्तीने कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यांपुरते बंधन घातले, ते पुरेसे नसल्याचे दिसताच पाठोपाठ १.०.५ आणि १.०.७ या आवृत्त्या आल्या, आणि जुलैमध्ये आणखी एक गंभीर दोष सापडल्यावर १.०.१२ काढावी लागली; मात्र दोष काय आणि तो कोणत्या आवृत्तीत मिटला, हे कंपनीने सुरक्षा-सूचना काढून जाहीर केले, आणि अनुकरण करायचे ते याच गोष्टीचे.

दोषाचे नाव न सांगण्याचा सर्वांत मोठा तोटा असा की, त्याचे खापर वापरणाऱ्याच्या डोक्यावर फुटते. रविवारी सकाळी परदेशातील लेकीशी बोलायला बसलेल्या आजोबांना आवाज ऐकू येतो पण चित्र गोठलेले दिसते, ते चष्मा पुसतात, केबल काढून पुन्हा लावतात, दोनदा संगणक बंद करून सुरू करतात, आणि शेवटी ‘माझंच काहीतरी चुकतंय, तू फोनच कर’ असे म्हणून खुर्ची मागे सरकवतात. पुढच्या रविवारी चित्र आपोआप नीट दिसू लागते, कारण मधल्या दिवसांत कोणीतरी दूरवर बसून दोष काढलेला असतो. परंतु ही गोष्ट आजोबांपर्यंत पोहोचत नाही आणि आपल्याला हे यंत्र जमत नाही हा त्यांचा समज मात्र कायमचा घर करून बसतो. त्यांचा आत्मविश्वास परत देण्यासाठी दोन वाक्यांचा खुलासा पुरला असता.

दुसरी अडचण अशी की, क्रोमसारखा ब्राउझर एक्स्टेन्शनच्या नव्या आवृत्त्या दर काही तासांनी शोधून परस्पर बसवतो, आणि नव्या आवृत्तीने एखादी धोक्याची नवी परवानगी मागितली तरच मालकाला विचारले जाते. ही सोय योग्यच आहे, कारण धोकादायक दोष मिटवायचे काम प्रत्येकाच्या सवडीवर सोडता येत नाही. पण ज्या प्रोग्रॅमच्या हाती घरातला कॅमेरा आणि मायक्रोफोन दिला आहे, त्याच्यात कोणी न विचारता फेरफार करणार असेल, तर निदान मागाहून हिशेब देण्याची जबाबदारी त्या फेरफार करणाऱ्यावर दुपटीने येते.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, दोष उघड सांगितला तर चोरांना वाट दाखवल्यासारखे होईल. दुरुस्ती पोहोचण्यापूर्वी हा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच प्रोजेक्ट झीरोसारखे गट कंपनीला आधी खासगीत कळवून साधारणतः ९० दिवसांची मुदत देतात. परंतु दुरुस्ती सर्वत्र पोहोचल्यानंतरही मौन पाळण्याने रक्षण होते ते केवळ कंपनीच्या अब्रूचे.

चुकीची कबुली अब्रूला बाधक असते, हा समजच मुळात मराठी ग्रंथपरंपरेला परका आहे. जुन्या मराठी पुस्तकांच्या आरंभी किंवा शेवटी शुद्धिपत्र असे, त्यात पृष्ठ, ओळ, अशुद्ध आणि शुद्ध असे रकाने असत, आणि चोखंदळ वाचक पुस्तक हाती येताच टाकाने त्या दुरुस्त्या पानोपानी उतरवून मगच वाचनाला बसे. या वृत्तीचा सर्वांत थोर नमुना संत एकनाथांचा आहे. त्यांनी शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, आणि या कामाची नोंद ग्रंथाच्या शेवटी ओवीबद्ध रूपाने जोडली. त्या नोंदीत शक आहे, संवत्सर आहे, करणाऱ्याचे नाव आहे. मूळ ग्रंथ शुद्धच होता, पाठभेदांमुळे तो अशुद्ध झाला, असा दोषाच्या उगमाचा स्पष्ट निर्वाळा आहे, आणि पुढे कोणी यात स्वतःची ओवी घालू नये अशी ताकीदही आहे. ग्रंथ कशामुळे बिघडला होता आणि तो कोणी केव्हा नीट केला, हे सारे त्यात आले, आणि मूळ ग्रंथकारावर येऊ शकणारा ठपकाही दूर झाला.

आज मराठी प्रकाशनव्यवहारातूनही ही चाल जवळजवळ उठली आहे. दुसऱ्या आवृत्तीवर ‘सुधारित’ असा शिक्का असतो, परंतु सुधारले काय ते प्रस्तावनेत क्वचितच सांगितले जाते. त्यामुळे पहिल्या आवृत्तीतील चुकीचा सन टिपून ठेवलेला विद्यार्थी तोच सन प्रबंधात उतरवतो, परीक्षकाने खूण केली की स्वतःच्याच वाचनावर शंका घेतो, आणि ग्रंथालयात दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी राहूनही त्यांतील कोणती कोठे विश्वसनीय आहे हे ग्रंथपालालाही सांगता येत नाही. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ती नोंद वाचत मोठ्या झालेल्या समाजात ‘सुधारित’ या एका शब्दावर वाचकाची बोळवण होणे शोभत नाही. तेव्हा मराठी प्रकाशकांनी पुढच्या प्रत्येक सुधारित आवृत्तीत बदलांची यादी पृष्ठांकांसह छापावी, आणि वाचकांनीही ती नसेल तर पत्र लिहून मागावी. दोन पानांचा कागद वाढेल, एवढाच काय तो खर्च.